टेस्टोस्टेरॉनचा ब्रेक मेंदूत असतो

टेस्टोस्टेरॉन वृषणात तयार होतं, पण त्याचा हुकूम सुटतो मेंदूतून. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागातल्या मोजक्या चेतापेशी जीएनआरएच हे संप्रेरक सोडतात. त्यामुळे मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीतून एलएच हे दुसरं संप्रेरक रक्तात उतरतं आणि वृषणातल्या, टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या लायडिग पेशी कामाला लागतात. मात्र जीएनआरएच सतत झरत नाही. साधारण दीड-दोन तासांनी त्याचा एकेक झोत येतो. ते अखंड मिळत राहिलं, तर पियुषिका दाद देईनाशी होते. प्रोस्टेटच्या कर्करोगात याच गुणाचा वापर करून टेस्टोस्टेरॉन मुद्दाम खाली आणतात. म्हणजे झोताइतकाच मधला थांबाही मोलाचा.

हा थांबा घडवण्यात शरीराच्या स्वतःच्या अफूसदृश रसायनांचा हात आहे. त्यातलं पहिलं, एनकेफॅलिन, जॉन ह्यूजेस आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांनी स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनमध्ये डुकरांच्या मेंदूतून वेगळं काढलं, १९७५ मध्ये. पुढे बीटा-एंडॉर्फिन आणि डायनॉर्फिन हाती लागली. ती वेदना शमवतात, एवढंच बहुतेकांच्या कानावर असतं.

मेंढ्या, शेळ्या आणि उंदरांवरच्या अभ्यासांतून उलगडलेली यंत्रणा मला फार देखणी वाटते. हायपोथॅलॅमसच्या तळाशी असलेल्या काही पेशी तीन रसायनं एकत्र बाळगतात. न्यूरोकायनिन-बी शेजारच्या पेशींना जागं करतं, किसपेप्टिन जीएनआरएचचा झोत सोडायला लावतं आणि लगोलग डायनॉर्फिन त्याच पेशींना गप्प करतं. त्याचा असर ओसरला की पुढचा झोत.

पुरुषांमध्येही हा ब्रेक थोडासा दाबलेलाच असतो. अफूचा परिणाम उतरवणारं नॅलॉक्सोन निरोगी पुरुषांना दिलं, की एलएचचे झोत वाढतात.

आता विचार करा, मॉर्फिन, मेथाडोन किंवा फेंटानिल अशी अफूसदृश औषधं महिनोन् महिने घेणाऱ्या पुरुषाचं काय होत असेल? बाहेरून आलेलं औषध तोच ब्रेक दाबून धरतं. एलएच घटतं, पाठोपाठ टेस्टोस्टेरॉन. कामेच्छा मावळते, थकवा जात नाही, हाडं विरळ होतात. हे सगळं मूळ दुखण्याच्या किंवा नैराश्याच्या खात्यावर सहज टाकलं जातं. रुग्ण संकोचाने बोलत नाही, म्हणून डॉक्टरांनीच आपणहून विचारायला हवं, असं मला ठामपणे वाटतं. तपासणी साधी आहे: सकाळी रक्त देऊन टेस्टोस्टेरॉन मोजायचं, कमी आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. औषध मात्र स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते हळूहळू कमी केलं, तर ही पातळी अनेकदा पुन्हा वर येते.