घर आवरायचा मुहूर्त: दसऱ्यापासून जानेवारीपर्यंत

डिसेंबर संपत आला की कपाटं रिकामी करायचे सल्ले सुरू होतात. डबे एकसारखे घ्या, त्यांवर नावं चिकटवा, वर्षभर न वापरलेलं काढून टाका. सल्ले वाईट नाहीत. पण मराठी घरातली वर्षाची मोठी आवराआवर जानेवारीत व्हावी असं इथल्या हवेत, शेतात किंवा सणावारात काही कारण नव्हतं. ती कामं वर्षाच्या तीन-चार वेगवेगळ्या सुरुवातींना वाटून दिलेली होती.

नव्या वर्षाआधी घर साफ करायची रीत जिथे जिथे मुरलेली आहे, तिथे तिच्यामागे बहुधा हवामान सापडतं. इराणमध्ये नवरोजच्या आधी घर अक्षरशः झाडून काढतात. नवरोज वसंताच्या आरंभी येतो, म्हणजे थंडीत बंद राहिलेली घरं उघडायची ती वेळ. युरोपातही कोळशाच्या शेगड्या हिवाळाभर पेटलेल्या असत आणि वसंत येताच भिंती-पडद्यांवरची काजळी निघे. आपल्याकडे थंडीत घर बंद होत नाही. ते बंद होतं पावसाळ्यात. चार महिने ओल, बुरशी, धूर कोंडलेलं स्वयंपाकघर, वाळता न वाळणारी अंथरुणं. म्हणून आपली मोठी सफाई पाऊस ओसरल्यावर, घट बसायच्या आत उरकायची असते.

पश्चिम महाराष्ट्रात याला ‘दसरा काढणं’ म्हणतात. घरातल्या झाडून सगळ्या वाकळा, गोधड्या, चादरी नदीवर किंवा ओढ्यावर न्यायच्या, धुऊन खडकांवर वाळत घालायच्या. जळमटं काढायची, पोपडे आलेल्या भिंतींना पांढरी माती किंवा चुना द्यायचा, जमीन उकरून नव्याने चोपून सारवायची. माळ्यावरची भांडी खाली येत. ऑक्टोबरचं ऊन आपण शिव्या देत सोसतो, पण हे सगळं वाळायचं ते त्या उन्हाच्याच जोरावर. शिवाय खरिपाचं धान्य घरात यायचं असायचं, आणि ते ठेवायला कणगी, बळद, उतरंड आधी रिकामी आणि कोरडी हवी. सोलापूरकडे ज्वारी जमिनीतल्या पेवात ठेवत. त्या पेवात ओल शिरली की साठाच गेला. तेव्हा हे आवरणं हौसेचं नव्हतं.

पुढे दिवाळीच्या तोंडावर कल्हईवाला गल्लीत येई. तांब्या-पितळेच्या भांड्यांत आंबट पदार्थ कळकतात, त्यामुळे आतला कथलाचा थर झिजला की तो पुन्हा चढवावा लागे. भाता, निखारे, नवसागराचा पांढरा धूर, कापसाच्या बोळ्याने एका फिरवणीत चकचकीत होणारं पातेलं. स्टेनलेस स्टील घरोघर आलं आणि हा सगळा खटाटोप दोन पिढ्यांत संपला. माझ्या मते आपल्या स्वयंपाकघरात यापेक्षा मोठा बदल त्या काळात झाला नाही, पण त्याची नोंद फारशी कुणी घेत नाही. घासायचं, कल्हई करून घ्यायचं आणि मांडायचं काम बायकांच्या वाट्याचं होतं, हे त्यामागचं एक कारण असावं.

लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतात. त्या रात्री उशिरा किंवा पहाटे केर काढून तो बाहेर टाकायचा, म्हणजे अलक्ष्मी घराबाहेर जाते, अशी समजूत. शिंदीच्या पानांची ही केरसुणी बहुतेक गावांत मातंग समाजातली माणसं बांधत. केरसुणीची पूजा देवघराशेजारी होई आणि ती बांधणाऱ्याला मात्र उंबऱ्याच्या आत जागा नसे, हेही या इतिहासाचाच भाग आहे.

दुसऱ्या दिवशी पाडवा. पंचांगाचा शक चैत्रात बदलतो, पण व्यापाऱ्याचं साल कार्तिकात बदलत आलं. लाल कापडाच्या बांधणीच्या वह्या पुजायच्या, पहिल्या पानावर शुभ-लाभ लिहायचं, जुनी बाकी नव्या खात्यात ओढायची. हे नुसतं शकुनापुरतं नव्हतं. १९८०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत व्यापाऱ्याला दिवाळी ते दिवाळी असं हिशेबी वर्ष धरून आयकर भरता येत असे. १९८९-९० या करनिर्धारण वर्षापासून ३१ मार्च सगळ्यांना सक्तीची झाली आणि वहीपूजनाचा हिशेबाशी असलेला खरा संबंध तिथे तुटला. आता पूजेत कोरी वही असते, कुठे कुठे लॅपटॉपही असतो; ताळेबंद मात्र मार्चचा.

मार्च-एप्रिलचं हे वर्ष इंग्रजांचं. हिंदुस्थान सरकारचं आर्थिक वर्ष आधी १ मे ते ३० एप्रिल होतं, ते १८६७ साली १ एप्रिलवर आणलं. सातबाऱ्याशी ज्यांचा संबंध येतो त्यांना आणखी एक वर्ष ठाऊक असतं: महाराष्ट्रात महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होतं. मराठेशाहीच्या कागदांतला सुहूर सन तर मृग लागला की बदलायचा. सूर्य मृग नक्षत्रात शिरला की पेरणीचे दिवस, म्हणजे शेताचं वर्ष तिथून. एकाच घरात देव, शेत, दुकान आणि सरकार यांची वर्षं निरनिराळी, आणि त्याची कुणाला अडचण वाटली नाही.

गुढीपाडव्याच्या आसपास जे आवरायचं ते साठवणीचं. रब्बीचा गहू, हरभरा, ज्वारी बाजारात येते, ऊन कडक असतं, म्हणून वर्षाची बेगमी करायची. धान्य उन्हात घालून, निवडून, कडुलिंबाचा पाला घालून डब्यात किंवा कोठीत भरायचं. डाळींना तेलाचा हात. मग पापड, कुरडया, सांडगे, मसाले. कोणता डबा कुठे आणि त्यात किती महिन्यांचं आहे, हे त्या घरातल्या बाईला तोंडपाठ असे. नावं चिकटवायची गरज नव्हती. ही पद्धत मोडली ती मुंबईच्या खोल्यांमध्ये. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत पोत्याने गहू कुठे ठेवणार? तिथे पलंगाखालची ट्रंक, दारावरचा माळा आणि परवडलं तर लोखंडी कपाट. गोदरेजने १९२३ पासून पोलादी कपाटं बनवायला सुरुवात केली आणि पुढे मध्यमवर्गीय घरात साड्या, दागिने, विम्याचे कागद, मुलांच्या मार्कशिटा असं सगळं एकाच कुलपात गेलं.

१ जानेवारी घरात शिरली ती कचेरीतून. डायऱ्या मिळायच्या, बँकांचे ताळेबंदही १९८८ पर्यंत ३१ डिसेंबरला होत. कालनिर्णय १९७३ साली सुरू झालं आणि दर जानेवारीत भिंतीवरचं जुनं उतरवून नवं लावायचं, हा बहुधा पहिला खास मराठी जानेवारी-विधी ठरला. तारखेच्या चौकटीत दुधाचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख, मोलकरणीच्या सुट्ट्या. जपानच्या मेरी कोंडोचा घर आवरण्याचा कार्यक्रम २०१९च्या १ जानेवारीला नेटफ्लिक्सवर आला तो याच्या पुष्कळ नंतर. गंमत म्हणजे जपानमध्येही काजळी झाडायची जुनी रीत वर्षअखेरची, १३ डिसेंबरची. तिथे ती तारीख नव्या वर्षाच्या देवाच्या स्वागताशी बांधलेली आहे. आपल्याकडे आली ती नुसतीच तारीख.

पगारदारांच्या घरात मात्र जानेवारीला एक सज्जड कारण मिळालं होतं. कंपनीचा हिशेब विभाग याच सुमारास गुंतवणुकीचे पुरावे मागतो, म्हणून विम्याच्या पावत्या, घरभाड्याच्या पावत्या, गृहकर्जाचं प्रमाणपत्र शोधायला सगळे खण उपसले जात आणि त्या ओघात फायली लागत. २०२३-२४ पासून आयकराची नवी करप्रणाली आपोआप लागू होते आणि तीत यातल्या बहुतेक सवलती नाहीत. त्यामुळे तेवढी फाइल उघडायचं कारणही आता अनेक घरांत उरलेलं नाही.