खाट वर अडते, रुग्ण खाली थांबतो

डॉक्टरांनी तपासलं, भरती करायचं ठरलं, कागदपत्रंही झाली; पण वर वॉर्डात खाट रिकामी नाही. मग रुग्ण आपत्कालीन विभागातच स्ट्रेचरवर पडून राहतो. कधी रात्रभर, कधी दोन-तीन दिवस. अमेरिकेत याला ‘बोर्डिंग’ म्हणतात आणि तिथल्या इमर्जन्सीच्या डॉक्टरांचं हे सर्वांत जुनं दुखणं आहे.

याची मुळं ऐंशीच्या दशकात सापडतात. १९८३ मध्ये मेडिकेअरने, म्हणजे मुख्यतः वृद्धांसाठी असलेल्या सरकारी आरोग्य विम्याने, रुग्णालयांना खर्चाप्रमाणे बिल चुकवणं थांबवलं आणि आजारागणिक ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली. रिकामी खाट म्हणजे तोटा, असं गणित झाल्यावर खाटा कमी होऊ लागल्या. १९८६ च्या ‘एम्टाला’ कायद्याने दुसरी बाजू पक्की केली: इमर्जन्सीच्या दारात आलेल्या कुणालाही, खिशात पैसे असोत-नसोत, तपासून स्थिर केल्याशिवाय परत पाठवता येणार नाही. कायदा चांगलाच होता, पण त्याच्यासोबत पैसा आला नाही. १९९३ ते २००३ या काळात आपत्कालीन विभागांतल्या भेटी वर्षाला सुमारे ९ कोटींवरून ११ कोटी ४० लाखांच्या आसपास गेल्या. त्याच दशकात ७०३ रुग्णालयं, ४२५ आपत्कालीन विभाग आणि १ लाख ९८ हजार खाटा घटल्या. इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या २००६ च्या अहवालातले हे आकडे आहेत.

तरी बरीच वर्षं दोष रुग्णांवरच ढकलला गेला. सर्दी-खोकल्यासाठी लोक इमर्जन्सीत येतात म्हणून गर्दी होते, हे स्पष्टीकरण सोयीचं होतं. पण सर्दीवाला औषध घेऊन घरी जातो. त्याने खाट अडत नाही. बॉस्टनमध्ये रुग्णालयांच्या कामकाजाचे अभ्यासक युजीन लिटवाक यांनी दाखवून दिलं की गर्दीचं एक मोठं कारण ऑपरेशन थिएटरच्या वेळापत्रकात आहे. सर्जन आठवड्याच्या सुरुवातीला ठरलेल्या शस्त्रक्रिया लावतात, मधल्या वारांना वॉर्ड भरून जातात आणि शनिवार-रविवारी खाटा मोकळ्या पडतात. त्यात ठरलेली शस्त्रक्रिया रुग्णालयाला कमाई देते. इमर्जन्सीतला रुग्ण तर आधीच इमारतीत आहे, तो कुठे जाणार?

थांबलेल्या रुग्णाचे हाल बारीकसारीक गोष्टींत असतात. स्ट्रेचर अरुंद, गादी पातळ, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाच्या पाठीला जखम होते. दिवे रात्रभर चालू, त्यात भ्रम वाढतो. पार्किन्सनची घरची गोळी वेळेवर मिळत नाही, कारण तीच नर्स शेजारी हृदय बंद पडलेल्या माणसामागे धावत असते.

उपायांमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रुक रुग्णालयाचा मार्ग मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. २००१ च्या सुमारास डॉ. पीटर व्हिचेलिओ यांनी साधा प्रश्न विचारला: रुग्णाला कॉरिडॉरमध्येच राहायचं असेल, तर सगळ्यांना इमर्जन्सीच्याच कॉरिडॉरमध्ये का ठेवायचं? स्थिर रुग्ण एक-दोन करून प्रत्येक वॉर्डाच्या कॉरिडॉरमध्ये हलवले गेले. वॉर्डांनी आधी कुरकुर केली, पण रुग्ण डोळ्यांसमोर आला की डिस्चार्जचे कागदही लवकर निघतात. पुढच्या अभ्यासात या रुग्णांमध्ये मृत्यू वाढल्याचं दिसलं नाही, आणि विचारल्यावर बहुतेकांनी वॉर्डाचाच कॉरिडॉर पसंत केला. आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांत वॉर्डातच जमिनीवर गादी टाकतात. ती लाचारी असते, पण निदान ओझं एकट्या कॅज्युअल्टीवर राहत नाही.

इंग्लंडने वेगळी वाट धरली. २००४ अखेर इमर्जन्सीत आलेल्या ९८ टक्के रुग्णांना चार तासांत भरती करावं, दुसरीकडे हलवावं किंवा घरी पाठवावं, असं लक्ष्य ठेवलं. काही वर्षं ते बऱ्यापैकी पाळलं गेलं. २०१० मध्ये ते ९५ टक्क्यांवर आणलं आणि जुलै २०१५ नंतर देशपातळीवर तेही गाठलेलं नाही. तिथेही अडचण दुसऱ्या टोकाला आहे: बरा झालेला वृद्ध घरी किंवा केअर होममध्ये जाऊ शकत नाही, म्हणून खाट सुटत नाही.

अमेरिकेतल्या मनोरुग्णांची कथा याहून वाईट. मानसोपचाराच्या खाटा दशकानुदशकं कमी होत गेल्या आणि इमर्जन्सी हेच त्यांचं कोठार झालं. ऑगस्ट २०१४ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, केवळ जागा नाही म्हणून सक्तीने ताब्यात घेतलेल्या मनोरुग्णांना असं डांबून ठेवणं बेकायदेशीर ठरवलं.

कोविडनंतर प्रश्न आणखी चिघळला, कारण आता खाट असली तरी नर्स नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरोग्यसेवेच्या दर्जावर संशोधन करणाऱ्या ‘एएचआरक्यू’ या सरकारी संस्थेने बोर्डिंगवर परिषद भरवली. जानेवारी २०२५ मध्ये अहवाल आला. मार्चमध्ये हीच संस्था दुसऱ्या कार्यालयात विलीन करण्याची घोषणा झाली.