दीड किलो मिठाचा हिशोब

आपली दोन मूत्रपिंडं दिवसभरात रक्तातून साधारण १८० लिटर पाणी गाळून काढतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत रक्तात घेतात. त्या १८० लिटरमध्ये विरघळलेलं मीठ बाजूला काढून वजन केलं, तर ते जवळपास दीड किलो भरेल. आपण दिवसाला मीठ खातो ते दहा ग्रॅमच्या आसपास. म्हणजे गाळलेल्या दीड किलोतलं ९९ टक्क्यांहून जास्त मीठ परत आत घ्यायचं आणि जेवढं खाल्लं तेवढंच लघवीवाटे सोडायचं, हा हिशोब रोज जुळवावा लागतो. त्यात एक टक्का जरी चुकला, तरी ती चूक पंधरा ग्रॅमची, दिवसभरात खाल्लेल्या मिठाहून मोठी. मीठ अंगात राहिलं की त्याच्यामागे पाणी राहतं, रक्ताचं आकारमान वाढतं आणि रक्तवाहिन्यांतला दाब चढतो.

‘बीपी’ म्हटलं की आपला हात आपोआप छातीकडे जातो. पण वर्षानुवर्षं दाब कुठे स्थिरावणार, हे मुख्यतः कमरेच्या वर, पाठीच्या बाजूला असलेले हे दोन अवयव ठरवतात. आणि किती मीठ ठेवायचं, किती सोडायचं, याचा हुकूम त्यांना हार्मोनांकडून मिळतो. हुकूम चुकला किंवा मूत्रपिंडच आजारी पडलं, तर हृदय ठणठणीत असूनही रक्तदाब वाढतो.

दहापैकी नऊ रुग्णांत असं एकच एक कारण सापडत नाही. आनुवंशिकता, वय, वजन, मीठ, दारू, बैठं काम असं सगळं मिळून दाब वाढतो. त्यांच्यासाठी रोजची गोळी हाच योग्य उपाय आहे आणि ती मनाने बंद करणं धोक्याचं आहे. हा लेख उरलेल्यांबद्दल आहे. त्यांच्या रक्तदाबाला नेमकं कारण असतं, ते शोधता येतं आणि काही जणांत ते कायमचं दूर करता येतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत पंधरा वर्षांवरच्या भारतीयांपैकी २१ टक्के स्त्रिया आणि २४ टक्के पुरुषांना उच्च रक्तदाब आढळला. एवढ्या मोठ्या संख्येचा दहावा भाग म्हणजे कोट्यवधी माणसं.

मूत्रपिंड आणि रक्तदाबाचं नातं पहिल्यांदा ठळकपणे मांडलं ते लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइट यांनी. १८३६ साली, रक्तदाब मोजायचं यंत्रसुद्धा नव्हतं तेव्हा, त्यांनी एक गोष्ट नोंदवली: ज्यांची मूत्रपिंडं आक्रसलेली निघतात, त्यांचं हृदय पुष्कळदा मोठं झालेलं असतं. १८९८ मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत रॉबर्ट टिगरश्टेट आणि त्यांचा विद्यार्थी पेर बर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाला टोचला आणि त्याचा रक्तदाब चढला. अर्कातल्या त्या द्रव्याला त्यांनी रेनिन म्हटलं. हे संशोधन जवळजवळ साडेतीन दशकं कपाटात पडून राहिलं.

ते बाहेर काढलं हॅरी गोल्डब्लाट या क्लीव्हलँडच्या विकृतिशास्त्रज्ञाने. १९३४ साली त्यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या धमनीवर चांदीचा छोटा चाप बसवला आणि धमनी थोडी आवळली. पूर्ण बंद नाही, फक्त अरुंद. काही दिवसांत रक्तदाब चढला आणि चढलेलाच राहिला. मूत्रपिंडाच्या नसा कापल्या तरी फरक पडला नाही. म्हणजे निरोप नसांतून जात नव्हता, रक्तातून जात होता. इमारतीत एका फ्लॅटच्या नळाला पाणी कमी येतं म्हणून वॉचमनने सगळ्या इमारतीचा पंप जोरात सोडावा आणि खरा अडथळा त्या फ्लॅटच्याच पाइपात असावा, तशी ही गत. रक्त कमी पोचलं की मूत्रपिंडाला वाटतं, सगळ्या शरीरातच रक्त कमी पडलंय.

पुढची साखळी हळूहळू उलगडत गेली. मूत्रपिंड रेनिन सोडतं. यकृतात तयार झालेल्या एका प्रथिनापासून रेनिन एक तुकडा कापतं. त्या तुकड्यावर मुख्यतः फुप्फुसात आणखी एक प्रक्रिया होते आणि अँजिओटेन्सिन-२ तयार होतं. ते रक्तवाहिन्या आवळतं आणि मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीला अल्डोस्टेरॉन हे हार्मोन सोडायला लावतं. अल्डोस्टेरॉन मूत्रपिंडाला सांगतं: सोडियम धरून ठेव, पोटॅशियम सोडून दे. जखमेतून रक्त गेलेल्या किंवा उन्हात घामाने निथळलेल्या माणसाला हीच साखळी वाचवते. आज कोट्यवधी लोक घेत असलेल्या टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल या गोळ्या याच साखळीची एकेक कडी अडवतात. त्यांतली तोंडाने घ्यायची पहिली गोळी, कॅप्टोप्रिल, ब्राझीलच्या जराराका नावाच्या सापाच्या विषावरच्या अभ्यासातून निघाली आणि १९८१ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली.

आता अशी कल्पना करा की वरून कुणीही सांगितलेलं नसताना अ‍ॅड्रिनल ग्रंथी स्वतःच्या मनाने अल्डोस्टेरॉन सोडत सुटली. हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला त्याची हकिगत मला सगळ्या वैद्यकीय इतिहासातली एक अतिशय सुंदर हकिगत वाटते.

१९५४ साली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात जेरोम कॉन यांच्याकडे ३४ वर्षांची एक बाई आली. सात वर्षं तिला मधूनमधून स्नायूंचा अशक्तपणा येई, कधी पायांतली शक्तीच जाई, हातांना पेटके येत. रक्तदाब वाढलेला होता आणि रक्तातलं पोटॅशियम फार उतरलेलं. कॉन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, उष्ण प्रदेशात लढणाऱ्या सैनिकांसाठी म्हणून, घामाचा अभ्यास केला होता. उष्णतेची सवय झालेल्या माणसाच्या घामातलं मीठ कमी होतं आणि त्यामागे अ‍ॅड्रिनलच्या हार्मोनाचा हात असतो, हे त्यांनी पाहिलं होतं. या बाईचा घाम आणि लाळ तपासली, तर त्यांतही सोडियम अगदी कमी. अल्डोस्टेरॉन हे हार्मोन सिल्व्हिया सिम्पसन आणि जेम्स टेट यांनी १९५३ मध्येच शुद्ध स्वरूपात वेगळं केलं होतं. कॉन यांनी दोन टोकं जुळवली: हिच्या अ‍ॅड्रिनलमधून हे हार्मोन अवाजवी सुटतंय. डिसेंबर १९५४ मध्ये शस्त्रक्रिया झाली. उजव्या ग्रंथीत चार सेंटिमीटरची गाठ निघाली. ती काढली आणि बाईचा रक्तदाब उतरला, पोटॅशियम सुधारलं, अशक्तपणा गेला. घामाच्या अभ्यासाचा एवढा दूरचा उपयोग कुणी योजून ठेवलेला नव्हता.

या आजाराला आज प्राथमिक अल्डोस्टेरॉनिझम किंवा कॉन सिंड्रोम म्हणतात. पण पुढे एक मोठी गफलत झाली. त्या पहिल्या रुग्णाचं पोटॅशियम फार कमी होतं, म्हणून डॉक्टर पोटॅशियम कमी असलेल्यांतच हा आजार शोधत राहिले आणि तो शंभरात एखाद्यालाही नसतो असं पाठ्यपुस्तकांत बसलं. खरं तर बहुतेक रुग्णांत पोटॅशियम नॉर्मलच असतं. १९८१ मध्ये जपानी संशोधकांनी रक्तातलं अल्डोस्टेरॉन आणि रेनिन यांचं गुणोत्तर काढायची सोपी युक्ती मांडली. पहिलं चढलेलं आणि दुसरं दबलेलं असेल, तर ग्रंथी स्वतःच्या मनाने चालली आहे. १९९० च्या दशकात ब्रिस्बेनच्या रिचर्ड गॉर्डन यांच्या गटाने पोटॅशियमकडे न पाहता ही तपासणी केली, तेव्हा आकडा कितीतरी पट वाढला. आता रक्तदाबाच्या रुग्णांत हे प्रमाण ५ ते १० टक्के धरतात आणि तीन-तीन गोळ्या घेऊनही ज्यांचा दाब उतरत नाही, त्यांच्यात ते २० टक्क्यांपर्यंत जातं.

रक्तदाब सारखाच असलेल्या दोघांत ज्याला हा आजार आहे त्याच्या हृदयाचं, मेंदूचं आणि मूत्रपिंडाचं नुकसान जास्त होतं, कारण अल्डोस्टेरॉन दाबाखेरीज त्या अवयवांनाही थेट इजा करतं. म्हणून युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत रक्तदाबाचं निदान पक्कं झालेल्या प्रत्येक प्रौढाची ही तपासणी विचारात घ्यावी, असं म्हटलं. आपल्याकडे ती बहुतेक ठिकाणी केलीच जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. एका रक्ततपासणीने निदानाची वाट उघडू शकते आणि माणसं पंधरा-पंधरा वर्षं गोळ्या बदलत राहतात.

याच वाटेवर आपल्या घरातली एक वस्तू भेटते: ज्येष्ठमध. घसा बसला की कांडी चघळायची, खोकला आला की काढ्यात घालायचं. चार दिवस घेतलं तर काही बिघडत नाही. पण रोज, आठवडेच्या आठवडे घेतलं, तर त्यातलं ग्लिसरायझिन मूत्रपिंडातलं एक एन्झाइम अडवतं. या एन्झाइमचं काम असतं कॉर्टिसॉल या दुसऱ्या हार्मोनाला निष्प्रभ करणं. ते थांबलं की कॉर्टिसॉल अल्डोस्टेरॉनच्या जागी जाऊन बसतं, आणि त्याचं रक्तातलं प्रमाण अल्डोस्टेरॉनच्या कितीतरी पट असतं. परिणाम कॉनच्या रुग्णासारखाच: रक्तदाब वर, पोटॅशियम खाली. मात्र तपासणीत अल्डोस्टेरॉन कमी निघतं. म्हणून बीपीच्या रुग्णाने डॉक्टरांना घरचे काढे आणि चूर्णंही सांगावीत. गुडघेदुखीसाठी मनाने घेतलेल्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्याही सांगाव्यात. त्या मीठ धरून ठेवतात आणि बीपीच्या गोळीचा जोर कमी करतात.

बाकीच्या ग्रंथींचं थोडक्यात. थायरॉइड मंदावली तर बहुधा खालचा आकडा वाढतो, जास्त चालली तर वरचा. कॉर्टिसॉल जास्त झालं की चेहरा गोल होतो, पोटावर जांभळट पट्टे उमटतात, साखर आणि रक्तदाब दोन्ही चढतात. हार्वे कुशिंग यांनी १९३२ मध्ये वर्णन केलेला हा आजार तसा दुर्मीळ. आपल्याकडे त्याचं जास्त दिसणारं रूप म्हणजे दम्यावर, सांधेदुखीवर घेतलेल्या लेबल नसलेल्या पुड्या, ज्यांत कधीकधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं. अ‍ॅड्रिनलच्या आतल्या भागात अ‍ॅड्रिनलिनसारखी द्रव्यं सोडणारी गाठ झाली, तर डोकं ठणकणं, दरदरून घाम आणि धडधड असे झटके येतात. हीसुद्धा विरळा, पण ओळखली नाही तर जिवावर बेतते.

तरुण मुलीचा रक्तदाब वाढलेला दिसला, तर दोन्ही हातांची नाडी तपासायलाच हवी. ताकायासु हा रक्तवाहिन्यांचा दाह भारतात तरुण स्त्रियांमध्ये दिसतो. त्यात मूत्रपिंडाची धमनी अरुंद होते, गोल्डब्लाटच्या चापासारखी, आणि एखाद्या हाताची नाडी लागतच नाही. ज्या हातात नाडी क्षीण, त्या हातावर पट्टा बांधला तर दाब नॉर्मल दिसतो आणि आजार निसटतो. अशा मुलीला मूल हवं असेल तर आणखी एक गोष्ट: टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल या गटांतल्या गोळ्या गरोदरपणात बाळाला अपाय करतात. त्या आधीच बदलून घ्यायला हव्यात.

मूत्रपिंड रक्तदाब वाढवतं आणि वाढलेल्या रक्तदाबाने स्वतःच खराब होतं. प्रत्येक मूत्रपिंडात साधारण दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दाबाने त्यांतल्या काही निकामी होतात, उरलेल्यांवर भार पडतो, मिठाचा हिशोब आणखी बिघडतो, दाब आणखी चढतो. पायांवर सूज येईपर्यंत बराच उशीर झालेला असतो. क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंडं रक्तातून बाहेर टाकतात ते एक टाकाऊ द्रव्य. ‘क्रिएटिनिन नॉर्मल आहे’ एवढ्यावरही निर्धास्त राहू नये, कारण मूत्रपिंडाचं काम निम्म्यावर येईपर्यंत तो आकडा नॉर्मलच्या रकान्यात राहू शकतो. त्याआधी बोलते ती लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाची तपासणी. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही असलेल्यांनी ती दरवर्षी करायलाच हवी.

मग कारण कधी शोधायचं? तिशीच्या आत रक्तदाब वाढला, आटोक्यात असलेला एकाएकी बिघडला, तीन औषधं नीट घेऊनही उतरत नाही, पोटॅशियम कमी निघालं, किंवा सोनोग्राफीत अ‍ॅड्रिनलवर गाठ दिसली, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारावं. त्याआधी मोजमाप बरोबर आहे ना, हे पाहावं: पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, दंडाच्या मापाचा पट्टा, न बोलता.

अल्डोस्टेरॉनची तपासणी सकाळी, उठून थोडा वेळ झाल्यावर, बसून रक्त देऊन करतात. पोटॅशियम कमी असेल तर आधी भरून काढतात आणि काही औषधं डॉक्टर तात्पुरती बदलतात. गुणोत्तर वाढलेलं निघालं आणि पुढच्या चाचण्यांत निदान पक्कं झालं, तर प्रश्न उरतो: एकाच ग्रंथीचा दोष की दोन्हींचा? सीटी स्कॅन इथे फसवतो, कारण वय वाढलं की निरुपद्रवी गाठी अनेकांत दिसतात. खात्रीसाठी दोन्ही अ‍ॅड्रिनलच्या शिरांतून वेगवेगळं रक्त घ्यावं लागतं. उजवीकडची शीर अगदी आखूड, थेट महाशिरेत उघडणारी, त्यामुळे तिच्यात नळी घालायला सरावलेला हात लागतो. ही सोय मोजक्याच मोठ्या रुग्णालयांत आहे. दोष एकीकडचा असेल तर दुर्बिणीतून ती ग्रंथी काढतात.

दोन्हीकडचा असेल, किंवा ती तपासणी शक्यच नसेल, तरी स्पायरोनोलॅक्टोन ही जुनी, स्वस्त गोळी आहे. ती मूत्रपिंडातली अल्डोस्टेरॉनची जागाच अडवते. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या पाथवे-२ चाचणीत तीन औषधांना दाद न देणाऱ्या रक्तदाबावर चौथं औषध म्हणून तीच सगळ्यात प्रभावी ठरली. काही पुरुषांत तिने छाती दुखते किंवा वाढते, अशा वेळी एप्लेरेनोन देतात. आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर ती पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत चढवू शकते. म्हणून ती डॉक्टरांनीच सुरू करायची असते, आणि सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात व महिन्याने पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासायचं असतं.