चढ-उताराची रस्ता शर्यत

चढ-उताराची रस्ता शर्यत : डांबरी वा काँक्रीटच्या सार्वजनिक रस्त्यावर, ठळक चढ आणि उतार असलेल्या मोजलेल्या मार्गाने होणारी धावण्याची स्पर्धा. किती चढ असला म्हणजे मार्ग या प्रकारात धरावा, याची सर्वमान्य मर्यादा नाही; घाटाची शर्यत म्हणून जाहीर होणाऱ्या कित्येक शर्यतींत मोठ्या चढणी दोनच असतात. पाऊलवाटांनी, दगडमातीतून होणारी डोंगरदौड ही निराळी शाखा असून तिचे बूट, नियम आणि पळण्याची ढब वेगळी आहे. प्रस्तुत नोंदीत सोलापूर परिसरापुरता बालाघाट डोंगररांगेकडे चढणाऱ्या रस्त्यांचा, त्यातही सोलापूर–तुळजापूर मार्गाचा विचार केला आहे.

उगमाविषयी एकमत नाही. स्कॉटलंडमधील ब्रेमार येथे राजा तिसरा माल्कम (कार. १०५८–९३) याने चपळ निरोप्या निवडण्यासाठी क्रेग खॉइनिख टेकडीवर शर्यत लावली, अशी परंपरा आहे. तिचा लेखी आधार बराच उत्तरकालीन असल्याने ती आख्यायिका म्हणूनच घेणे इष्ट. शिवाय ती टेकडी चढण्याची शर्यत होती, रस्त्याची नव्हे. दुसरा मतप्रवाह उगम ग्रीक व इराणी यांच्यातील मॅरेथॉनच्या लढाईपर्यंत (इ. स. पू. ४९०), विजयाची बातमी घेऊन अथेन्सला धावत आलेल्या दूताच्या कथेपर्यंत, मागे नेतो. मात्र ग्रीक इतिहासकार हीरॉडोटसच्या वृत्तांतातील फिडिपिडीझ (काही हस्तलिखितांत फिलिपिडीझ) लढाईपूर्वी अथेन्सहून स्पार्टाला, सु. २४० किमी., मदत मागण्यास धावला. विजयाची बातमी आणणारा दूत त्यात नाही. तो सुमारे सहा शतकांनी, प्लूटार्कच्या लेखनात येतो, आणि तेथे त्याचे नाव थर्सिपस किंवा यूक्लीझ असे दिले आहे. फिलिपिडीझचे नाव या प्रसंगाशी जोडलेले दिसते ते इ. स. दुसऱ्या शतकातील लेखक लूशन याच्याकडे.

हा दूत आला असे मानले, तरी तो कोणत्या वाटेने आला हा प्रश्न उरतो. चढ-उताराच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. एक वाट पेंटेली डोंगराच्या दक्षिणेने, लांब (सु. ४० किमी.) पण सौम्य चढाची, दुसरी उत्तरेने डायोनिसोसवरून, आखूड (सु. ३५ किमी.) पण खडी. लढाईनंतर सैन्य त्वरेने अथेन्सला परतले, ते दक्षिणेच्या वाटेने आले असावे हे मत अधिक ग्राह्य वाटते. एकट्या धावणाऱ्यासाठी तोच युक्तिवाद लागू पडेलच असे नाही. १८९६ च्या ऑलिंपिकसाठी फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मीशेल ब्रेआल यांच्या सूचनेवरून मॅरेथॉन शर्यत ठरली, तेव्हा दक्षिणेचाच रस्ता घेण्यात आला. ग्रीसच्या स्पिरिडॉन लुइस याने ती सु. ४० किमी.ची शर्यत २ तास ५८ मि. ५० से.मध्ये जिंकली. आजच्या अथेन्स मॅरेथॉनमध्येही साधारण १० व्या किमी.पासून ३१ व्या किमी.पर्यंत चढ चालतो. म्हणजे आधुनिक मॅरेथॉन मुळात चढाच्या रस्त्यावर जन्मली. सपाट, जलद मार्गांचा आग्रह त्यानंतरचा. निव्वळ चढाच्या रस्त्यावर घेतलेल्या जुन्या शर्यतींत अमेरिकेतील मौंट वॉशिंग्टनची शर्यत (१९०४) गणली जाते. तिच्या सु. १२ किमी.च्या मार्गाचा सरासरी चढ शेकडा ११ ते १२ (दर १०० मी.ला ११ ते १२ मी.) आहे.

दख्खनमध्ये जासूद, हरकारे (निरोपे) आणि अजुरा (मजुरी) ठरवून धाडलेले अजूरदार मुदतीत पत्रे पोचवीत. या व्यवस्थेत शर्यतीचे मूळ शोधण्याचा मोह होतो. पण ती चाकरी होती. दोघांनी एकाच वेळी सुटून पुढे कोण जातो हे पाहण्याचा भाग तीत नव्हता. स्पर्धेच्या अर्थाने सुरुवात विसाव्या शतकात धरावी. १९१९ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांतील अनवाणी धावपटू पाहून दोराबजी टाटा यांनी ऑलिंपिक पथकासाठी खटपट केली, आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले (२ तास ५० मि. ४५.४ से.). अलीकडच्या काळात साताऱ्याहून यवतेश्वर घाटाने कासच्या दिशेने जाऊन परतणारी अर्धमॅरेथॉन (२०१२ पासून) महाराष्ट्रात या प्रकाराचा मानदंड झाली आहे. मुंबई मॅरेथॉन (२००४ पासून) एकंदरीत सपाटच. तरी तिच्या शेवटच्या टप्प्यातील पेडर रोडच्या चढाची धास्ती सोलापूरहून जाणारेही घेतात.

सोलापूर शहर समुद्रसपाटीपासून सु. ४५७ मी. उंचीवर, भीमा व सीना खोऱ्यांतील बेसाल्टच्या पठारावर आहे. पुण्याच्या धावपटूला सिंहगड आहे, साताऱ्याच्या धावपटूला यवतेश्वर. सोलापूरकराला चढ शोधत जावे लागते. शहरात तो उड्डाणपुलांवर आणि रेल्वेवरील पुलांवर भागवून घेतो. खरा चढ उत्तरेला, बालाघाटच्या कडेवर. तुळजापूर रस्ता हिप्परगा (एकरुख) तलावाजवळून, उळे व तामलवाडीवरून घाटापर्यंत बराचसा सौम्यच आहे. तुळजापूर सु. ६५० मी. उंचीवर, सोलापूरपासून सु. ४५ किमी. अंतरावर आहे. म्हणजे एकूण फरक १९० मी.च्या आसपास, दर किमी.ला सु. ४ मी. सरासरीचा हा आकडा फसवा आहे, कारण घाटाचा चढ अखेरच्या टप्प्यात एकवटलेला आहे. शर्यतींच्या माहितीपत्रकांत एकूण चढाई छापण्याची रीत आहे. तिच्याइतकीच, किंबहुना जास्त, ती चढाई कितव्या किमी.ला आहे ही माहिती उपयोगी असते.

घाटरस्त्याचा चढ मुळात वाहनांसाठी आखलेला असतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांनुसार नेहमीचा चढ सपाट प्रदेशात शेकडा ३.३, डोंगराळ प्रदेशात ५ आणि अपवाद म्हणून ७ पर्यंत धरतात. अधिक खड्या प्रदेशात अपवादात्मक मर्यादा ८ आहे. त्यामुळे निकषांनुसार बांधलेल्या महामार्गाच्या घाटात धावणे क्वचितच अशक्य होते, मात्र ते लांबते. वळणाच्या आतल्या बाजूस चढ जास्त खडा लागतो आणि रस्त्याच्या आडव्या उतारामुळे घोट्यावर एकांगी ताण येतो.

धावताना होणाऱ्या ऊर्जेच्या खर्चाचा अभ्यास मार्गारिआ व पुढे मिनेत्ती या इटालियन शरीरक्रियावैज्ञानिकांनी केला. मिनेत्ती व सहकाऱ्यांच्या मोजणीत (२००२) सपाटीवर धावण्याचा खर्च शरीराच्या दर किग्रॅ.मागे दर मीटरला सु. ३.४ ज्यूल आला. उतार शेकडा २० असताना तो सर्वांत कमी, सु. १.७ झाला आणि त्याहून खड्या उतारावर पुन्हा वाढला. त्यांच्या समीकरणानुसार शेकडा १० चढावर खर्च सु. दोन तृतीयांशाने वाढतो, तितक्याच उतारावर मात्र सु. दोन पंचमांशानेच घटतो. चढात गेलेले उतारात पूर्ण परत मिळत नाही, हे यावरून स्पष्ट होते. हे प्रयोग फिरत्या पट्ट्यावरचे आहेत. घाटातला वारा, ऊन आणि गर्दी त्यांत नाही.

उताराचा खरा हिशेब मात्र स्नायूंत चुकता होतो. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराला थोपवून धरतो. या प्रकारच्या कामाने तंतूंना सूक्ष्म इजा होतात आणि दुखणे एक ते तीन दिवसांनी शिगेला पोचते. २००५ च्या एका प्रयोगात ९ अंशांच्या उतारावर पाऊल पडतानाचा धक्का सपाटीच्या तुलनेत ५४ टक्क्यांनी आणि मागे ओढणारा जोर ७३ टक्क्यांनी वाढलेला आढळला. दक्षिण आफ्रिकेतील कॉम्रेड्स मॅरेथॉन (१९२१ पासून) डर्बन व पीटरमारित्सबर्ग यांच्या दरम्यान साधारणतः एक वर्ष चढाची, एक वर्ष उताराची होते. चढाच्या दिशेचा २००८ चा विक्रम ५ तास २४ मि. ४९ से., उताराच्या दिशेचा २०२३ चा ५ तास १३ मि. ५८ से. दोन टोकांच्या उंचीतील सु. ६०० मी.च्या फरकाच्या मानाने ११ मिनिटांहून कमी असलेले हे अंतर पुरेसे बोलके आहे. अमेरिकेतील बॉस्टन मॅरेथॉनच्या मार्गातही प्रसिद्धी ‘हार्टब्रेक हिल’ला (३२ ते ३३ किमी.च्या दरम्यान, सु. २७ मी. चढ) मिळाली, पण तिथवर आलेल्या मांड्या सुरुवातीच्या उतारांनी आधीच शिणलेल्या असतात.

तयारीत म्हणूनच चढाइतकाच उताराचा सराव लागतो. एकदा सोसलेल्या उतारामुळे पुढे काही आठवडे स्नायूंना संरक्षण मिळते, त्यामुळे शर्यतीपूर्वी दोन-तीन आठवडे घाट उतरून घेणे फायद्याचे ठरते. आदल्या आठवड्यात नव्हे. चढावर घड्याळातला वेग न पाहता दम सारखा ठेवावा, ढांग आखूड करावी, नजर समोर ठेवावी. फार खड्या टप्प्यात झपझप चालणे धावण्याइतकेच फलदायी ठरू शकते. उतारावर मागे रेलून टाचा रोवल्यास ब्रेक लावल्यासारखे होते. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये तापमान ४० अंश से.च्या वर जात असल्याने लांब सराव थंडीच्या दिवसांत आणि पहाटे करतात.

कोजागरीच्या सुमारास सोलापूर व कर्नाटकातून लाखो भाविक तुळजाभवानीच्या दर्शनासाठी याच रस्त्याने पायी जातात आणि वाहनांची वाहतूक अन्यत्र वळवली जाते. ही शर्यत नव्हे. तरी घाट कोठे दमवतो हे सोलापूरकरांना ठाऊक असते ते बहुधा या चालण्यामुळे.

मार्ग मोजताना प्रमाणित (चाकाच्या फेऱ्या ठरावीक अंतरावर आधी पडताळलेली) सायकल वापरतात. धावपटूला शक्य असलेली सर्वांत जवळची रेघ धरतात आणि अंतर कमी भरू नये म्हणून दर किमी.ला १ मी. जादा घेतात. नकाशावरील आडवे अंतर घेतल्यास शेकडा ५ चढावर दर किमी.ला सव्वा मीटर, शेकडा १० वर ५ मी. फरक पडतो; सायकल प्रत्यक्ष रस्त्यावरून जात असल्याने हा प्रश्न उद्भवत नाही. मनगटावरील घड्याळांनी दाखवलेली एकूण चढाई एकाच शर्यतीत माणसागणिक बदलते, ती तुलनेस घेऊ नये. विक्रम मान्य होण्यासाठी जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेच्या दोन अटी आहेत : आरंभापासून समाप्तीपर्यंतची उंचीतील निव्वळ घट दर किमी.ला १ मी.हून अधिक नसावी, आणि आरंभ व समाप्ती यांतील सरळ अंतर शर्यतीच्या अंतराच्या निम्म्याहून जास्त नसावे. केन्याचा धावपटू जेफ्री मुताई याची बॉस्टनमधील २ तास ३ मि. २ से. ही वेळ (२०११) याच कारणाने विश्वविक्रम ठरली नाही. तेथे घट दर किमी.ला ३ मी.हून थोडी जास्त आहे. तुळजापूरहून सोलापूरकडे शर्यत घेतल्यास ती घट सु. ४ मी. भरेल आणि सरळ अंतरही निम्म्याच्या बरेच पुढे जाईल. घाटाचा मार्ग विक्रमास पात्र ठेवायचा असेल, तर जाऊन त्याच ठिकाणी परतण्याची आखणी करावी लागते.