गोव्यातील माउंटन बाइक मार्ग

गोव्यातील माउंटन बाइक मार्ग : समुद्रकिनारा, खाजने (बांध घालून खाडीपासून सोडवलेली शेते), जांभ्याचे सडे (उघडी पठारे) आणि सह्याद्रीचा पायथा यांतून जाणाऱ्या, जाड टायरांच्या गिअरवाल्या सायकलीने पार करण्याजोग्या कच्च्या वाटा. सायकलीसाठी मुद्दाम आखलेल्या वाटा गोव्यात जवळजवळ नाहीत. आज सायकलस्वार वापरतात त्या साऱ्या वहिवाटीच्या: खाजनाचा बांध, गुरे सड्यावर नेण्याची वाट, कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, उतरणारी पाणंद, खाणपट्ट्यातला तांबडा रस्ता. एखादी वाट यंदा चालण्याजोगी आहे की नाही, हे त्या गावची शेती कशी चालली आहे यावर ठरते.

राज्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौ. किमी, किनारा सुमारे १०५ किमी आणि पूर्व-पश्चिम रुंदी जेमतेम ६०–६५ किमी. सकाळी वाळूत असलेला सायकलस्वार दुपारी घाटाच्या तोंडाशी पोहोचू शकतो. आडव्या येतात त्या नद्या. तेरेखोल, शापोरा, मांडवी, जुवारी, साळ, तळपण आणि गालजीबाग या साऱ्या पश्चिमेच्या समुद्राला मिळतात, म्हणून उत्तर-दक्षिण जाताना दर थोड्या अंतरावर पूल शोधावा लागतो किंवा नदी परिवहन खात्याच्या फेरीबोटीची वाट पाहावी लागते. फेरीबोट हा इथल्या प्रवासाचा अविभाज्य भाग आहे, आणि धक्क्यावरची ती दहा-पंधरा मिनिटे वाया गेली असे कोणताही जाणता सायकलस्वार म्हणणार नाही.

खाजने आणि बेटे

नवशिक्याने सुरुवात इथूनच करावी. खाजन म्हणजे भरतीच्या पातळीखालची, बांध घालून खाडीपासून सोडवलेली शेतजमीन. चिखल, जांभा आणि पेंढा वापरून उभारलेले हे बांध गावकऱ्यांनी शतकानुशतके राखले. बांधात जागोजागी 'मानस' असते: लाकडी झडपांचे दार, जे भरतीच्या दाबाने आपोआप मिटते आणि ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडते. आत कोरगुटसारखे खारे पाणी सोसणारे भात, पावसाळ्यानंतर मासळी आणि काही ठिकाणी मिठागरे. बांधाचा माथा सपाट, एका माणसाला चालता येईल एवढा. एका हाताला खारफुटी, दुसऱ्या हाताला शेत. चढ नाही, पण तोल सांभाळावा लागतो, आणि मानशीपाशी उतरून सायकल हातात धरावी हे बरे.

सर्वांत परिचित फेरी पणजीजवळच्या रायबंदरहून सुरू होते. एका फेरीबोटीने मांडवीतले चोडण बेट गाठता येते, दुसरीने दिवाडी बेट. चोडणच्या पश्चिम टोकाला सलीम अली पक्षी अभयारण्य आहे (१.७८ चौ. किमी), ते पायी किंवा होडीतून पाहायचे, सायकलीने नव्हे. दिवाडीत खाजनाच्या वाटा पिएदादच्या टेकडीभोवती फिरतात. बेटाच्या दुसऱ्या अंगाला नार्व्याची फेरीबोट मिळते. दिवाडीवरचे मूळ सप्तकोटेश्वराचे देऊळ पोर्तुगीज काळात पाडले गेले आणि देव नदीपलीकडे नार्व्याला गेला. तिथले देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये पुन्हा उभारले. ही फेरी करणाऱ्याने नार्व्याला टेकल्याशिवाय परतू नये. पुढे मये तलावावरून डिचोली गाठली की जमीन तांबडी होऊ लागते आणि खाणपट्टा सुरू होतो.

पुळण आणि भरती-ओहोटी

वाळूत सायकल चालवणे ही ताकदीपेक्षा वेळेची गोष्ट आहे. ओहोटीला उघडी पडणारी ओली, घट्ट पुळण रस्त्यासारखी चालते. वरची कोरडी वाळू चाक गिळते. गोव्याच्या किनाऱ्यावर दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात आणि वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. पौर्णिमा-अमावस्येच्या सुमारास भरती मध्यान्हाकडे येते, ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी; तेव्हा सकाळची फेरी साधते. अष्टमीच्या आसपास गणित उलटते, आणि ओहोटी ऐन उन्हात गाठावी लागते. रापणकारांना, म्हणजे किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढणाऱ्या मच्छीमारांना, हे तिथीवरून तोंडपाठ असते. त्यांना विचारावे.

सासष्टीची वेळसांव ते मोबोर ही सुमारे २५ किमीची पुळण, मधले छोटे ओहोळ सोडले तर, सलग आहे. मोबोरला साळ नदीचे मुख येते. पलीकडे बेतूल दिसते, पण चाकावरून जायचे तर आत वळून आसोळण्याचा पूल गाठावा लागतो. उत्तरेस पेडण्यात मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल असा पट्टा आहे. हरमल आणि केरी यांच्यामध्ये डोंगर थेट समुद्रात उतरतो, तिथे सायकल खांद्यावर घेण्यावाचून गत्यंतर नाही. केरीहून फेरीबोटीने तेरेखोल, आणि तिथून सिंधुदुर्ग.

मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले कासवे साधारण नोव्हेंबरपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत अंडी घालायला येतात. या काळात इथल्या वाळूत सायकल घालू नये आणि रात्री दिवा लावून तर मुळीच जाऊ नये.

बेतूल ते आगोंद

साऱ्या गोव्यात एकच मार्ग निवडायचा झाला तर हा निवडावा. बेतूल सोडले की रस्ता काणागिणीच्या सड्यावर चढतो आणि मग आगोंदपर्यंत सारखा वर-खाली होत राहतो. सडा म्हणजे जांभ्याचे उघडे, काळपट पठार. कड्यावर उभे राहिले की खाली थेट समुद्र. पठारावर गुरांच्या आणि काजू गोळा करणाऱ्यांच्या वाटा फुटलेल्या असतात, आणि माउंटन बाइकची खरी परीक्षा त्यांवर होते. जांभ्याचे सुटे खडे उतारावर चाकाखाली गोट्यांसारखे घरंगळतात, म्हणून पुढचा ब्रेक एकदम दाबायचा नाही, वजन मागे न्यायचे आणि नजर चाकावर न ठेवता पुढच्या वळणावर ठेवायची.

वाटेत काबो द रामचा किल्ला लागतो. वनवासात राम-सीता इथे राहिल्याची लोककथा आहे. सौंदेकर राजांकडून हा किल्ला १७६३ मध्ये पोर्तुगीजांकडे गेला. पुढे खोला. पावसाळ्यात इथल्या डोंगरउतारांवर लावली जाणारी लालभडक खोला मिरची भौगोलिक मानांकन मिळवून बसली आहे. मग आगोंदची उतरण, आणि तिथून पाळोळे, गालजीबाग करत पोळ्याच्या हद्दीपर्यंत जाता येते.

आतला भाग

केपे-सांग्याकडचा मार्ग कुशावती नदीच्या काठाने जातो. रिवणजवळ उसगाळीमळ येथे नदीकाठच्या जांभ्यावर कोरलेली प्रागैतिहासिक चित्रे आहेत. पुढे नेत्रावळीला गोपीनाथाच्या देवळासमोर बुडबुड्यांची तळी. नेत्रावळी, खोतीगाव, म्हादई ही अभयारण्ये आणि मोले राष्ट्रीय उद्यान यांत वनखात्याच्या परवानगीशिवाय आडवाटेला जाता येत नाही. गव्यांचा वावर पाहता ही अट योग्यच आहे. बेळगाव-कोल्हापूरकडचे सायकलस्वार बहुधा चोर्ला घाटाने सत्तरीत उतरतात. तो डांबरी रस्ता आहे, पण साधारण ८०० मीटरची उतरण ब्रेक तापवते.

हंगाम आणि सायकल

ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. मार्चपासून दमटपणा वाढतो, सकाळी दहानंतर सड्यावर सावली सापडत नाही. पावसाळ्यात शेवाळलेला जांभा अतिशय निसरडा होतो आणि ओल्या बांधावर चाकाची चाकोरी पडली की तिथूनच पाणी बांध फोडते, म्हणून जून ते सप्टेंबर बांधांवर जाऊ नये. सड्यावरही त्या काळात मळलेली वाट सोडू नये. काही बोटे जाडीच्या मातीत सीतेची आसवे आणि इतर रानफुले उगवतात, ती एका चाकाने उखडतात.

पुढे सस्पेन्शन, मागे साधी चौकट आणि दोन इंचांहून रुंद टायर असलेली सायकल इथे पुरेशी आहे. वाळूसाठी हवा कमी करावी. खाऱ्या पाण्यात भिजलेली चेन त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुऊन तेल दिले नाही तर लगेच गंजते. खाण्याची चिंता नको: पहाटे भोंगा वाजवत सायकलीवरून पाव विकणारा पोदेर गावोगाव भेटतो, आणि गाड्यावर भाजीपाव मिळतो.

वाटांची आजची स्थिती

बरेच सडे कोमुनिदादींच्या (गावांच्या सामूहिक जमीनसंस्थांच्या) किंवा खाजगी मालकीचे आहेत, खाजने शेतकऱ्यांच्या संघटना सांभाळतात. वाट मोकळी दिसली तरी गावात विचारून जाणे हाच इथला रिवाज आहे. वाटा झपाट्याने कमीही होत आहेत. मोपाच्या सड्यावर विमानतळ झाला आणि जानेवारी २०२३ पासून तिथून विमाने उडू लागली. पणजीजवळचे कदंब पठार इमारतींनी भरत आले आहे. खाजनशेती सुटली की मानस कुजते, बांध फुटतो, शेतात खारफुटी शिरते आणि बांधावरची वाटही पाण्याखाली जाते. जिथे अजून भात लावले जाते, तिथले बांध दरवर्षी पावसाळ्यानंतर दुरुस्त होतात आणि त्यांवरून सायकल जाऊ शकते.