‘याची खात्री आहे की…’ : इंग्रजी विशेषणामागून येणाऱ्या ‘दॅट’ची पार्श्वभूमी

‘आय ॲम शुअर ऑफ दॅट ही विल कम.’ वह्या तपासताना हे वाक्य मला दर वर्षी भेटतं. ‘ऑफ’वर लाल रेघ ओढायची आणि पुढची वही उघडायची, असं मी बरीच वर्षं केलं. पण लिहिणाऱ्या पोराचा तर्क सरळ असतो. ‘शुअर’ला नाम जोडायचं तर ‘ऑफ’ लागतो : ‘शुअर ऑफ हिज सक्सेस’. मग त्या नामाच्या जागी अख्खं वाक्य आलं की ‘ऑफ’नं का जावं? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याच्या उत्तरासाठी हजार वर्षं मागं जावं लागतं.

नॉर्मन लोकांनी 1066 साली इंग्लंड जिंकलं. त्याआधीच्या इंग्रजीला आपल्यासारख्या विभक्ती होत्या. नाम, सर्वनाम, विशेषण, सगळ्यांना प्रत्यय लागत. आजचा ‘दॅट’ तेव्हा ‘थॅट’ होता आणि त्याचा मूळ अर्थ नुसता ‘ते’. त्याची षष्ठी ‘थॅस’, म्हणजे ‘त्याचा’. आनंद, खात्री, जाणीव दाखवणाऱ्या कितीतरी शब्दांना तेव्हा ही षष्ठीच लागे : अमक्याचा आनंद, तमक्याची जाणीव. अमक्याच्या जागी पूर्ण वाक्य ठेवायचं असेल, तर आधी ‘थॅस’ ठेवायचा आणि मग वाक्य सुरू करायचं.

याचा सुरेख नमुना ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी काव्यात आहे. त्याचं एकमेव हस्तलिखित साधारण इसवी सन 1000 च्या आसपासचं. नायक ग्रेंडेल नावाच्या राक्षसाच्या आईला मारून पाण्यातून वर येतो. काठावर ताटकळलेले त्याचे साथीदार धावत पुढं होतात, देवाचे आभार मानतात आणि आनंदतात. कशाचा आनंद? कवी लिहितो ‘थॅस थे…’, आणि पुढं येतं की त्यांना तो धडधाकट पाहायला मिळाला. शब्दाला शब्द लावून मराठीत आणा : ‘त्यांना याचा आनंद झाला, की तो त्यांना सुखरूप दिसला.’ तिथं विशेषण नसून क्रियापद आहे, पण विशेषणांची रीतही हीच होती. ही जोडी मला पहिल्यांदा दिसली तेव्हा मी पुस्तक खाली ठेवून मराठी वाक्य मोठ्यानं म्हणून पाहिलं. ‘याचा… की’ आपण दिवसातून दहादा म्हणतो.

‘ते’ अर्थाचा शब्द वाक्यं जोडू कसा लागला, याबद्दल बहुतेक अभ्यासकांचं म्हणणं असं : ‘मला ते ठाऊक आहे : तो आला’ अशी आधी दोन सुटी वाक्यं. बोलता बोलता मधला ‘ते’ मागच्या वाक्यातून सुटून पुढच्याच्या तोंडाशी चिकटला. जर्मन भाषेतही हेच घडलं आहे.

पुढच्या दोन-तीन शतकांत प्रत्यय झिजले आणि ‘थॅस’ गेला. नामांपुढं त्याचं काम ‘ऑफ’नं उचललं. वाक्यापुढं मात्र नवं कुणी आलं नाही, कारण तिथं ‘दॅट’ आधीच उभा होता. त्या पोराच्या वहीतली फट ती हीच. ‘सी टू इट दॅट’ या रूढ प्रयोगात जुनी पद्धत अजून जिवंत आहे : ‘इट’ म्हणजे आपला ‘याकडे’, ‘दॅट’ म्हणजे ‘की’. ‘इन दॅट’ आणि ‘एक्सेप्ट दॅट’ हेही जुन्या वळणाचेच प्रयोग. मधल्या काळात ‘दॅट’ कुठंही चिकटे. चॉसर या कवीच्या ‘कँटरबरी टेल्स’ची पहिलीच ओळ ‘व्हॅन दॅट एप्रिल’ अशी सुरू होते. ‘बिकॉज’ हासुद्धा मुळात ‘बाय कॉज’, म्हणजे ‘कारणानं’, आणि त्याच्या मागंही ‘दॅट’ येत असे. हे ‘दॅट’ पुढं गळाले. विशेषणामागचा टिकला.

विशेषणांची कुळंही बघण्यासारखी आहेत. ‘ग्लॅड’ अस्सल जुना इंग्रजी शब्द, त्याचा आधीचा अर्थ ‘चमकणारा, उजळ’. ‘सॉरी’चं मूळ वेदनेच्या शब्दात आहे, आजच्या ‘सोअर’च्या कुळात. ‘शुअर’ आणि ‘सर्टन’ फ्रेंचमधून आले. ‘अफ्रेड’ तर मुळात ‘घाबरवलेला’ असं धातुसाधित. तो नामाच्या आधी बसत नाही हे आम्ही शिकवतो, पण त्याचं हे मूळ सांगत नाही. ‘अफ्रेड’च्या मागं येणारा ‘लेस्ट’ हा एक नसून तीन शब्द एकत्र झिजून झालेला : ‘त्यानं-कमी-की’. आपला ‘न जाणो’ जिथं येतो, तिथं तो चपखल बसतो. ‘सो टायर्ड दॅट’मधली ‘सो… दॅट’ ही जोडी आपल्या ‘इतका… की’सारखीच. ‘ॲज टॉल ॲज’मधला ‘ॲज’ म्हणजे ‘ऑल सो’ हेच दोन शब्द झिजून उरलेलं रूप.

आता एक अशी गोष्ट जी पुण्या-मुंबईत अमेरिकी कंपन्यांशी पत्रव्यवहार करणाऱ्यांना रोज अडते. ‘इट इज इंपॉर्टंट दॅट ही गो.’ इथं ‘गोज’ का नाही? पुन्हा ‘बेओवुल्फ’कडं जाऊ. मित्र गमावून शोक करणाऱ्या राजाला नायक म्हणतो, फार रडत बसण्यापेक्षा मित्राचा सूड घ्यावा हे बरं. मूळ वाक्य ‘अधिक बरं’ या विशेषणानं सुरू होतं, मागून ‘थॅट’ येतो, आणि ‘सूड घेणे’ हे क्रियापद साध्या वर्तमानात नसून इच्छा-कर्तव्य दाखवणाऱ्या रूपात आहे. म्हणजे आपला विध्यर्थ : घ्यावा, जावं, करावं. जुन्या इंग्रजीत अशा विशेषणांमागं हे रूप सर्रास येई. ब्रिटनमध्ये ते मागं पडलं, अमेरिकेत टिकलं आणि विसाव्या शतकात पुन्हा जोमानं वापरात आलं. ‘त्यानं जावं हे महत्त्वाचं’ असं मनात म्हणा, ‘गो’ आपोआप येतो. मला हा नियम याहून सोपा करून सांगता आलेला नाही.

मराठीकडं आलोच आहोत तर शिवकालीन पत्रं आठवतात. ‘आज्ञा केली ऐसी जे’, ‘विनंती ऐसी जे’. ‘ऐसी’ हे विशेषण, ‘जे’ हे जोडणारं अव्यय, आणि मग पत्राचा सगळा मजकूर. ‘की’चा असा वापर वाढण्यामागं फारसीचा प्रभाव मानला जातो; ‘चहा की कॉफी’मधला ‘की’ वेगळा. घरचा म्हणावा असा आपला मार्ग म्हणजे वाक्य आधी आणि ‘म्हणून’ मागून : ‘येतो म्हणून सांगितलंय’. कन्नडमध्येही ‘म्हणणे’ अर्थाच्या धातूपासून आलेला शब्द असाच मागून येतो. शाळेत पोरं स्वरूपबोधक अव्ययांची यादी पाठ करतात, की, म्हणून, म्हणजे, जे, आणि त्यातला ‘जे’ त्यांना कुठंच भेटत नाही. एकदा एखादं जुनं पत्र वर्गात वाचून दाखवावं, एवढी माझी कळकळ आहे. ही वर्गवारीही इंग्रजीच्या वळणावर आली. दादोबा पांडुरंगांनी 1836 साली मराठी व्याकरण लिहिलं तेव्हा लिंडली मरे यांच्या 1795 च्या इंग्रजी व्याकरणाचा साचा त्यांच्यासमोर होता.

बोलण्यात इंग्रजी माणूस ‘दॅट’ गाळतोच : ‘ग्लॅड यू केम.’ ही सवय सतराव्या शतकापर्यंत चांगली पसरली, अठराव्यात औपचारिक लेखनानं तिला आवर घातला. आपल्याकडं दारात पाहुणा दिसला की कुणी ‘मला याचा आनंद आहे की’ म्हणत नाही. ‘बरं झालं आलास’ एवढंच.

यंदाही ती वही आली. मी रेघ ओढली नाही. फळ्यावर ‘मला याची खात्री आहे की तो येईल’ लिहिलं आणि ‘याची’ भोवती गोल केला. इंग्रजीत हा शब्द पूर्वी होता, मग गळाला, म्हणून ‘ऑफ’ला धरायला तिथं काही उरलं नाही, असं सांगितलं. मागच्या बाकावरून प्रश्न आला : ‘मग सर, ‘शुअर ऑफ इट दॅट’ म्हटलं तर?’