पंच की डाय? आत्याच्या चंद्रासाठी खिडकी कापताना

ऐंशी वर्षं पूर्ण होऊन साधारण दहा महिने झाले की सहस्रचंद्रदर्शन. हजार पौर्णिमांना साडेएकोणतीस दिवसांनी गुणून बघा, हिशेब तिथेच येतो. आत्याचं सहस्रचंद्रदर्शन म्हटल्यावर शुभेच्छापत्रावर चंद्र हवाच. पुढच्या निळ्या पानाला मधोमध गोल खिडकी, आतल्या पानावर चंद्र, भोवती चांदण्या असं ठरवून मी रविवार पेठेत बोहरी आळीत गेले आणि कागदात गोल व चांदणी कापणारे पंच मागितले.

दुकानदारकाकांनी दोन वस्तू पुढे ठेवल्या. एक प्लॅस्टिकचा गुटगुटीत पंच, वरून दाबायचा. दुसरी पाकिटातली पातळ पोलादी कडी, बांगडीसारखी. "मोठा गोल हवा तर ही डाय घ्या. मशीन आहे ना घरी?" मशीन कशाला, असं मी विचारल्यावर काका नुसते हसले. ती कडी कागदावर ठेवायची आणि हातोडीने ठोकायची अशी माझी समजूत होती.

हा गोंधळ एकट्या माझा नाही. लग्नपत्रिका आणि मिठाईची खोकी कापणारे कारागीर लाकडी फळीत पोलादी पाती बसवून डाय तयार करतात, पण त्या कापण्याला म्हणतात पंचिंग! कागदकामाच्या दुकानात मात्र पंच वेगळा आणि डाय वेगळी.

पंच म्हणजे कात्रीची बहीण. दाबला की वरचा पोलादी आकार खालच्या नेमक्या तेवढ्याच भोकात उतरतो आणि त्या दोन कडांमध्ये कागद कातरला जातो. तिकीट तपासनीसाच्या हातातला चिमटा तोच. डाय म्हणजे पुऱ्या कापायची वाटी. मोठी पोळी लाटावी, वाटी हवी तिथे ठेवावी, दाबावी. कागद कणकेपेक्षा चिवट, म्हणून इथे तळहाताचा जोर पुरत नाही. डायची धार कागदाकडे करून दोन्ही गोष्टी प्लॅस्टिकच्या दोन पाट्यांमध्ये ठेवायच्या आणि मशीनचं हँडल फिरवून त्याच्या दोन रुळांमधून काढायच्या, रसवंतीच्या चरकातून ऊस काढावा तसं. (पाट्यांवर चरे पडतात, त्याने घाबरू नये. मात्र दर वेळी पाटी उलटीसुलटी करत राहावी, नाहीतर ती एका बाजूला वाकते.)

आता खरा फरक. पंचाला जबडा असतो, आणि कागद त्यात जितका आत जाईल तितक्याच अंतरावर तो कापतो. माझ्या पंचात कागद जेमतेम तीन सेंटिमीटर आत जातो. म्हणजे कडेला, कोपऱ्यात तो राजा. पानाच्या मधोमध खिडकी मागितली की तो हात टेकतो. डायला जबडाच नाही. पाटीवर मावेल त्या कागदावर ती कुठेही बसते. सरकू नये म्हणून मास्किंग टेपचा एक तुकडा लावला की झालं. माझी खिडकी पानाच्या पोटात होती, त्यामुळे प्रश्न तिथेच मिटला. मशीन शेजारच्या वहिनींकडून आणलं; एका चंद्रासाठी कोणी मशीन विकत घेऊ नये.

दुसरा फरक कागदाचा. चंद्रासाठी मी हातकागद घेतला होता. शिवाजीनगरला १९४०पासून हातकागद संस्था आहे, त्यामुळे हा सुती चिंध्यांचा कागद पुण्याला नवा नाही. त्याचा खडबडीतपणा चंद्राच्या डागांसारखाच दिसतो. पण सुताचे तंतू लांब आणि कागद जाड. घरातल्या जुन्या गोल पंचात घातला तर तो अडकून बसला, आणि ओढून काढला तर कडेला लव आलेली. डायखालीही पहिल्या फेरीत गोल पूर्ण सुटला नाही. डायच्या मागे जाड कागदाचा एक तुकडा घालून दाब वाढवला आणि पुन्हा फिरवला, तेव्हा स्वच्छ गोल निघाला. एकात एक बसणाऱ्या गोलांचा संच असेल तर खिडकी एका मापाने आणि चंद्र त्याहून एक माप लहान कापावा, म्हणजे भोवती निळी कड दिसते.

चांदण्यांना मात्र पंचच. साध्या दीडशे जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला दीडशे ग्रॅम भरणाऱ्या) चंदेरी कागदाच्या पट्ट्या केल्या आणि चहा थंड व्हायच्या आत चाळीसेक चांदण्या पाडल्या. पाट्या रचायच्या, हँडल फिरवायचं, टाचणीने तुकडे टोचून काढायचे, एवढं दर वेळी करत बसले असते तर पुढची पौर्णिमा उजाडली असती. पंच उलटा धरला की कागद कुठे आहे ते खालच्या भोकातून दिसतं, हे मला फार उशिरा कळलं. धार बोथट वाटली तर अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलच्या तीन-चार घड्या करून त्यावर पाच-सहा वेळा दाबावं. अडखळत असेल तर मेणकागदावर.

म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी दोन पंच घ्यावेत. डाय कितीही नाजूक, जाळीदार दिसली तरी मशीनची सोय झाल्याशिवाय घेऊ नये. ती नुसती शोभेची बांगडी होते.

आत्या सांगलीला असते, म्हणून वजनही पाहिलं. ३०० जीएसएमचा पूर्ण ए-फोर कागद एकटाच पावणेएकोणीस ग्रॅम भरतो, आणि पोस्टाचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा. म्हणून अर्धा ए-फोर घेऊन त्याची घडी घातली. चंद्र, चांदण्या, पाकीट सगळं त्यात बसलं.

खिडकीतून पडलेला निळा गोल भाचीने उचलला, त्यावर पांढऱ्या पेनाने 'अमावास्या' लिहिलं आणि आपल्या वहीत चिकटवला.